आलेख एक सांगतो, उत्तर दुसरे: अक्षांवरचे बिंदू उलटे मांडणाऱ्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची अनुदानित माध्यमिक शाळा, मराठी माध्यम, दहावीचा वर्ग. दहावीच्या गणित भाग १ मध्ये पहिलाच पाठ ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हा असतो. त्यामुळे शाळा उघडल्यावर पहिले काही आठवडे वर्गात आलेख कागदांचा सुकाळ असतो आणि टोकदार पेन्सिलींचा दुष्काळ. ही हकिकत त्या दिवसांतली. मुलीची ओळख पटू नये म्हणून वर्ष आणि घरचे तपशील गाळले आहेत, काही बदललेही आहेत.

मी त्याच शाळेत विज्ञान शिकवतो. गणित बाईंकडे. पण अंतर-काल आलेख माझ्या तासाला येतो आणि मुलांचा अक्षांचा गोंधळ माझ्याही वाट्याला येतो, म्हणून बाईंनी शिक्षक खोलीत ती वही पुढे सरकवली तेव्हा मी त्यात पडलो. पुस्तकात चलांसाठी इंग्रजी अक्षरे असतात. इथे जुन्या वळणाने क्ष आणि य लिहितो.

मुलगी आकडेमोडीत पक्की होती. चलाचा लोप करून, म्हणजे दोन समीकरणांतून एक अक्षर घालवून, उकल काढायला तिला दोन-तीन ओळी पुरत, आणि निश्चयकाची, म्हणजे समीकरणांतले आकडे चौकटीत मांडून उकल काढायची, उदाहरणे ती हौसेने सोडवी. आलेखाशी मात्र तिचे नाते निराळे होते. आधी लोप पद्धतीने उत्तर काढायचे, मग समोरच्या पानावर दोन रेषा काढायच्या, त्या कुठेतरी एकमेकींना छेदतातच, आणि खाली आधीच काढलेले उत्तर लिहायचे. असे करणारी ती एकटी नव्हती. दहावीची निम्मी मुले आलेखाला उत्तराची शोभा समजतात, हे कुठल्याही गणिताच्या शिक्षकाला विचारा.

रेषा काढण्याची तिची रीत शिकवणीत मिळालेली होती. क्ष शून्य धरायचा, य काढायचा. मग य शून्य धरायचा, क्ष काढायचा. ३क्ष + ४य = १२ असेल तर ३क्ष बोटाने झाकायचे, उरले ४य = १२, म्हणून य = ३. मग ४य झाकायचे, उरले ३क्ष = १२, म्हणून क्ष = ४. बिंदू मिळाले (०, ३) आणि (४, ०). या रीतीत खोट काहीच नाही. दोन बिंदू मिळाले की रेषा ठरते, आणि रेषा ज्या दोन ठिकाणी अक्षांना छेदते ते बिंदू काढायला सगळ्यात कमी हिशेब लागतो, कारण शून्याने एक पद गळूनच जाते. परीक्षेत वेळ वाचतो. भाग १ चा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा, त्यात हे वाचलेले मिनिट मोलाचे.

अडचण

वहीतले उदाहरण साधे होते: क्ष + य = ६ आणि क्ष − य = २. खाली सुवाच्य अक्षरात लिहिले होते, ‘उकल (४, २)’. उत्तर बरोबर आणि त्यावर बाईंची बरोबरची खूणही होती. पण आलेखातल्या रेषा (२, ४) मध्ये छेदत होत्या.

बाईंच्या हे लक्षात आले ते दुसऱ्या एका मुलाची वही शेजारी उघडी होती म्हणून. त्याच्या रेषांचा छेदनबिंदू उजवीकडे खाली होता, हिचा डावीकडे वर. एकाच उदाहरणाचे दोन आलेख, दोन्हींखाली एकच उत्तर.

मग आम्ही तिच्या रेषा एकेक करून तपासल्या. क्ष + य = ६ ची रेषा बिनचूक होती. क्ष − य = २ मध्ये क्ष = ० घेतल्यावर य = −२ येतो, म्हणजे बिंदू (०, −२), जागा य-अक्षावर आरंभबिंदूच्या खाली. तिने तो क्ष-अक्षावर −२ पाशी मांडला होता. य = ० घेतल्यावर क्ष = २ येतो; तो तिने य-अक्षावर २ पाशी मांडला. त्या दोन बिंदूंतून जाणारी रेषा क्ष − य = २ ची नाहीच, ती क्ष − य = −२ ची आहे.

मग पहिली रेषा बरोबर कशी आली? तिथेही तिने बिंदू उलटेच मांडले होते. पण क्ष + य = ६ दोन्ही अक्षांना ६ पाशीच छेदते, आणि (६, ०) व (०, ६) यांची अदलाबदल केली तरी रेषा तीच राहते. मला या प्रकरणातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. आरंभीच्या सरावात क्ष + य = ३, क्ष + य = ५ अशीच समीकरणे भरपूर असतात. मुलांना सोपे पडावे म्हणून आपण ती निवडतो आणि नेमक्या त्यांतच ही चूक दडून बसते. तिच्या वहीत अशा रेषांवर पानोपानी बरोबरच्या खुणा होत्या.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला बोलावून आलेखावर बोट ठेवले. “हा बिंदू वाच बरं.”

“दोन, चार.”

“आणि खाली काय लिहिलंयस?”

ती जराही गडबडली नाही. “चार, दोन. बाई, ग्राफमध्ये उलटं वाचायचं असतं ना?”

म्हणजे आलेख आणि उत्तर जुळत नाहीत हे तिला आधीच दिसले होते, आणि ते जुळवण्यासाठी तिने मनाशी एक नियमही करून ठेवला होता. गंमत अशी की तो नियम तिच्या चुकीपुरता अचूक होता. दोन्ही रेषांचे बिंदू उलटे मांडले की छेदनबिंदूही उलटाच येणार, तो उलटा वाचला की उत्तर बरोबर! एका चुकीवर दुसरी चूक ठेवून तिने हिशेब मिळवला होता.

मुळाशी काय होते तेही तिच्याच तोंडून आले. “क्ष शून्य घेतला म्हणजे क्षच्या लाइनीवर काम चाललंय.” समीकरणात ज्या अक्षराला हात लावला त्याच नावाच्या अक्षावर बिंदू जाणार, असा तिचा समज. नववीत निर्देशक भूमितीत शिकलेले ‘क्ष-अक्षाचे समीकरण य = ०’ हे वाक्य ती झोपेतून उठवले तरी म्हणू शकत होती. ते पाठांतर एका कप्प्यात, बोटाने झाकायची रीत दुसऱ्या कप्प्यात, आणि मधे भिंत.

समोरचे पर्याय

बाईंच्या आणि माझ्या बोलण्यात चार वाटा निघाल्या.

पहिली, उलटा नियम पाठ करून घेण्याची: क्ष शून्य तर य-अक्ष, य शून्य तर क्ष-अक्ष. पाच मिनिटांत काम झाले असते आणि घटक चाचणीत गुणही मिळाले असते. बाईंचा कल थोडा इकडे होता, कारण पुढचे पाठ वाट पाहत होते. माझा विरोध होता. जुने वाक्य जसे कप्प्यात पडून राहिले तसेच हेही पडून राहिले असते, वर दोन नियम एकमेकांवर आदळले असते ते वेगळेच.

दुसरी, झाकायची रीत बंद करून सरसकट चार बिंदूंचा तक्ता भरायला लावण्याची. ही वाट सुरक्षित आहे. तक्त्यातले (१, ५), (२, ४) असे बिंदू ती बरोबर मांडत होती, गोंधळ फक्त शून्य आले की होई. पण शिकवणीत एक रीत आणि शाळेत दुसरी असे झाले की मूल शाळेच्या वहीत शाळेची रीत लिहिते आणि पेपरात शिकवणीची, हा अनुभव जुनाच.

तिसरी, आलेख सोडून देण्याची. पेपरात विकल्प असतात, लोप पद्धत आणि निश्चयक तिला येतात, मग कशाला डोकेफोड? वर्गात सगळ्यात मागे असणाऱ्या मुलासाठी मी कदाचित हेच सुचवले असते. पण हिला अकरावीला विज्ञानाकडे जायचे होते, आणि तिथे आलेख वाचता न येणे पावलोपावली नडले असते.

चौथी, संगणक कक्षात जिओजेब्रा या आलेख काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर समीकरण टाकून रेषा दाखवण्याची. ही मीच सुचवली आणि बाईंनी ती बाजूला ठेवली. त्यांचे म्हणणे असे की संगणक योग्य रेषा काढून देईल, पण बिंदू मांडायचा निर्णय तोच घेईल, आणि हिचे अडते आहे ते नेमके तिथे. बोलणे पटले.

ठरले ते असे: झाकायची रीत राहू द्यायची, पण बिंदू कागदावर जाण्याआधी क्रमित जोडी पूर्ण लिहायची. तक्त्याची तिसरी ओळ, जिथे (क्ष, य) लिहितात, ती या रीतीत तिच्याकडून गळली होती. ‘य = ३’ एवढेच लिहून ती थेट पट्टी उचलत असे. आणि दोन बिंदूंनंतर तिसरा बिंदू घेऊन तो रेषेवर पडतो का, हे पाहायचे.

काय केले

तिसऱ्या बिंदूची सुरुवातच फसली. ३क्ष + ४य = १२ दिले. तिने सवयीप्रमाणे (०, ३) लिहिले पण मांडले (३, ०) वर, आणि (४, ०) मांडले (०, ४) वर. ताळा पाहायला बाईंनी क्ष = २ सुचवले. य आला १.५. तिने (२, १.५) मांडला, आणि तो तिच्या चुकीच्या रेषेला चिकटूनच पडला. “आला की बाई लाइनीवर!”

आम्ही कागद हातात घेऊन पाहिले. तिची रेषा होती ४क्ष + ३य = १२ ची. त्या रेषेपासून (२, १.५) या बिंदूचे अंतर एककाचा दहावा भाग. १ सेंमी = १ एकक या प्रमाणात एक मिलिमीटर. बोथट पेन्सिलीने काढलेली रेषाच तेवढी जाड असते. बरोबर रेषा आणि उलटी रेषा पहिल्या चरणात एकमेकींना छेदतात, तेव्हा दोन अक्षांच्या मधोमध घेतलेला बिंदू दोघींच्याही जवळ राहणार. ताळ्याचा बिंदू लांबचा हवा, शक्यतो अक्षांच्या पलीकडचा. क्ष = ८ घेतला तर य = −३ येतो, आणि (८, −३) तिच्या रेषेपासून दोन सेंमीहून जास्त दूर पडला. आता ती गप्प झाली. पण चूक मांडणीत आहे असे तिला वाटले नाही. “य काढताना चुकलं असंल” म्हणत ती वजाबाकी पुन्हा करू लागली.

इथे बाईंनी समीकरणच बाजूला ठेवले. व्हरांड्यात शहाबादी फरशी आहे, सांधे सरळ आणि चौकोन एकसारखे. खडूने दोन अक्ष आखले, आरंभबिंदूवर गोल काढला. मुलांना जोड्या लिहिलेल्या चिठ्ठ्या वाटल्या आणि ज्याने त्याने आपापल्या जागी उभे राहायचे. तिच्या चिठ्ठीवर (०, ३) होते. ती आरंभबिंदूपासून उजवीकडे तीन फरशा चालत गेली. तिथे (३, ०) ची चिठ्ठी घेतलेला मुलगा आधीच उभा.

“ए, ही माझी जागा हाय.”

“माझीपण हीच हाय.”

बाई काहीच बोलल्या नाहीत. हा मला या प्रकरणातला खरा निर्णय वाटतो. सांगून टाकण्याचा मोह फार होतो, आणि बाजूच्या मुलांनी तर ‘तू तिकडं जा’ असा ओरडा सुरूही केला होता. त्यांना बाईंनी हाताने थांबवले. दोघांनी चिठ्ठ्या शेजारी धरून पाहिल्या. जोड्या वेगळ्या, मग जागा एक कशी? ती परत आरंभबिंदूवर गेली आणि या वेळी पुटपुटत निघाली: पहिला शून्य, म्हणजे उजवी-डावीकडे जायचंच नाही. मग वर तीन. ती य-अक्षावर उभी राहिली.

लगेच बाईंनी पुढचा प्रश्न टाकला. ज्यांच्या चिठ्ठीत पहिला आकडा शून्य आहे त्यांनी हात वर करा. (०, १), (०, −२), (०, ३), (०, ५). चारही मुले एका रांगेत. कोणत्या अक्षावर, हे विचारायची गरज पडली नाही.

त्या दिवशी वर्गात परत आल्यावर तिने ३क्ष + ४य = १२ पुन्हा काढले. (८, −३) रेषेवर आला.

दुसरे वळण: बिंदू एकच मिळतो तेव्हा

मूळ अडचण इथे सुटली, पण अक्षांवरचे बिंदू काढण्याची रीत कुठे पुरत नाही हे पुढच्याच आठवड्यात समोर आले. उदाहरणात एक समीकरण होते २क्ष − य = ०. क्ष शून्य धरला, य शून्य. य शून्य धरला, क्ष शून्य. दोन्ही वेळा (०, ०). वर्गात यावर नाना तऱ्हा झाल्या. कुणी आरंभबिंदूतून मनाला येईल तशी तिरपी रेषा ओढली, एकाने क्ष-अक्षच गडद केला, आणि बऱ्याच जणांनी ‘उदाहरण चुकीचे आहे’ असा निकाल दिला.

हिने मात्र तिसऱ्या बिंदूच्या सवयीने क्ष = ३ घेऊन (३, ६) काढला आणि रेषा पूर्ण केली. स्थिरपद, म्हणजे चल नसलेला सुटा आकडा, शून्य असले की रेषा आरंभबिंदूतून जाते, दोन्ही अक्षांना तिथेच छेदते, म्हणून दुसरा बिंदू दुसरीकडून आणावा लागतो, हे बाईंनी नंतर फळ्यावर मांडले. तोवर तिची रेषा काढून झाली होती.

२क्ष + ३य = ७ ने वेगळा त्रास दिला. अक्षांवरचे बिंदू येतात (३.५, ०) आणि य-अक्षावर सात तृतीयांश, म्हणजे २.३३च्या आसपास. हा बिंदू कागदावर अंदाजाने टोचावा लागतो, आणि मग छेदनबिंदूही अंदाजाचाच. अशा वेळी पूर्णांकी जोडी शोधावी. क्ष = २ ला य = १ येतो. तिथून क्ष तीनने वाढवला की य दोनने घटतो: (५, −१). उलट गेले की (−१, ३). सहगुणकांची, म्हणजे चलांना जोडलेल्या २ आणि ३ या आकड्यांची, ही अदलाबदल मुलांना भारी आवडली. समीकरण न सोडवता बिंदूंची माळ मिळते.

तिसरे उदाहरण पुस्तकाबाहेरचे, माझ्या आग्रहाने घेतलेले. टाकीत ९०० लिटर पाणी आहे, तासाला ६० लिटर खर्च होते. क्ष तास, य लिटर: य = ९०० − ६०क्ष. आधी प्रमाणावरच खल झाला, कारण दोन्ही अक्षांवर १ सेंमी = १ एकक घ्यायचे तर नऊ मीटर कागद लागेल. शेवटी क्ष-अक्षावर १ सेंमी = १ तास आणि य-अक्षावर १ सेंमी = १०० लिटर ठरले. बिंदू आले (०, ९००) आणि (१५, ०). पहिला म्हणजे टाकी भरलेली असतानाची वेळ, दुसरा म्हणजे टाकी रिकामी होण्याची. कुणीतरी मुद्दाम उलटे मांडून पाहिले, तर टाकी ९०० तासांनी रिकामी व्हायला निघाली आणि सुरुवातीला तिच्यात पाणी फक्त १५ लिटर! वर्ग हसला, तीही हसली.

निष्पत्ती

प्रथम सत्र परीक्षेत तिचा आलेख बिनचूक होता, छेदनबिंदू आणि लिहिलेले उत्तर जुळत होते. ‘उलटे वाचायचे’ हा नियम तिने स्वतःहून सोडला.

सगळेच सुरळीत झाले असे मात्र नाही. सराव परीक्षेत क्ष = −२ ही रेषा काढायची होती, आणि ती तिने आडवी काढली, क्ष-अक्षाला समांतर. जुनी ओढ वेगळ्या वेषात परत आली होती. य नावाचे अक्षरच समीकरणात नाही म्हटल्यावर झाकायला काही उरत नाही, तक्ता कसा भरायचा हे सुचत नाही, आणि मग नावाकडे बघून दिशा ठरते. पेपर हातात पडल्यावर तिने (−२, ०), (−२, १), (−२, ५) लिहिले, उभी रेषा काढली आणि वही मिटली. बोर्डाच्या पेपरात तिने आलेख कसा काढला हे कळायला मार्ग नाही. गणितात गुण चांगले पडले.

बाईंनी त्यानंतर वर्गाच्या सगळ्या वह्या पुन्हा मागवल्या. आलेखातला छेदनबिंदू आणि खाली लिहिलेले उत्तर वेगळे, अशी आणखी काही मुले सापडली. त्यांतली काही हिच्यासारखीच उलटी मांडणारी, काहींचे प्रमाण चुकलेले, आणि दोघांनी तर रेषा नुसत्या दिसायला काढल्या होत्या.

वेगळे काय करता आले असते

उदाहरणांचा क्रम बदलायला हवा होता, यावर आमचे दोघांचेही एकमत आहे. पहिल्या दिवशी क्ष + य = ५ ऐवजी क्ष + २य = ६ दिले असते तर (६, ०) आणि (०, ३) यांची अदलाबदल त्याच तासाला उघडी पडली असती. सोपेपणात फरक काहीच नाही.

टाकीचे उदाहरण व्हरांड्याच्या आधी घ्यावे की नंतर, यावर मात्र आमचे अजून जमत नाही. माझ्या मते आधी. जिथे अक्षावरच्या बिंदूला ‘सुरुवात’ आणि ‘शेवट’ असा अर्थ असतो, तिथे उलटे मांडणे मुलांना स्वतःलाच खटकते. बाई म्हणतात, टाकीत दोन अक्षांवर दोन वेगळी मापे आहेत, लिटर आणि तास, म्हणून तिथे कुणी चुकतच नाही. मापे नसलेल्या कोऱ्या समीकरणावर आले की गोंधळ पुन्हा जिथल्या तिथे. क्ष = −२ चा प्रसंग पाहता त्यांच्या म्हणण्यात वजन आहे.

त्या रेषेसाठी फरशीवर आणखी एक फेरी व्हायला हवी होती: ज्यांचा पहिला आकडा −२ आहे त्यांनी उभे राहा. पाचेक मिनिटांचे काम. आम्ही ते शून्यावरच थांबवले.

तपासणीच्या रीतीतही बदल झाला आहे. बाई आता आधी आलेखातला छेदनबिंदू वाचतात, तो वहीच्या कडेला पेन्सिलीने लिहितात आणि मगच खालच्या उत्तराकडे वळतात. वर्गाला आलेखाचे उदाहरण देताना त्या हेही बजावतात की आधी आलेख, त्यावरून उकल, आणि लोप पद्धत शेवटी ताळा म्हणून. मुले कुरकुरतात. उत्तर आधी माहीत असले की रेषा काढायला बरे पडते, असे त्यांचे म्हणणे.